बाकाच्या टोकाची जागा

आत्यानं आपली बस आणली नव्हती, पण सवय सुटत नव्हती. भाड्यानं घेतलेल्या त्या दोन खोल्यांच्या दारात उभी राहून ती एकेकाकडे बघत होती, रोज सकाळी शाळेची पोरं चढतात की नाही ते बघते तशी. आई चष्मा पुसत होती. ताई खिडकीशी जाऊन फोनवर हळू आवाजात बोलत होती. आणि बाबा आरशासमोर उभे राहून शर्टाची कॉलर तिसऱ्यांदा सारखी करत होते.

"तिला सांग, अजून भरपूर अवकाश आहे," बाबा आरशातूनच आईला म्हणाले. "दारात उभं राहिलं म्हणून घड्याळ काही पळत नाही."

'ती' म्हणजे त्यांची सख्खी मोठी बहीण, आणि ती चार पावलांवर उभी होती. तिनं ऐकलं, आणि तिनंही आईलाच सांगितलं की लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांना वाटतं बटण दाबलं की माणूस पोचतो; रस्त्यावर गाडी हाकणाऱ्याला विचारा म्हणावं.

आईनं चष्मा डोळ्यांवर चढवला. धाकटीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ती पुन्हा उभी राहिली, आणि आत्यानं तिला परत मैदानावर नेलं, त्या दिवसापासून ही भावंडं एकमेकांशी बोलत नव्हती. इतकी वर्षं आई त्या दोघांचं पोस्ट ऑफिस झाली होती. कधी निरोप पोचवायची, कधी वाटेतच गहाळ करायची. आजचे दोन्ही तिनं गहाळ केले आणि सगळ्यांना चला म्हणाली.

बास्केटबॉलचा हॉल तिथून चालत जाण्याइतका जवळ होता. धाकटी पहाटेच संघाच्या गाडीतून गेली होती. घरात तिला कुणी नावानं हाक मारत नसे. शाळेत असतानाच ती बाबांच्या खांद्याच्या वर गेली, माळ्यावरचे डबे स्टूल न घेता काढू लागली, तेव्हापासून ती शिडी. आई तिच्या काखेखालून सहज पलीकडे जाऊ शकली असती, इतकी ठेंगणी. काल संध्याकाळी शिडी थोडा वेळ खोलीवर आली होती. दोन घास खाल्ले आणि खुर्चीवर बसल्या बसल्या झोपली. आईनं तिचे मोजे काढले, आणि मग ती तशीच जमिनीवर बसून राहिली. पायाच्या दोन नखांची जागा काळी पडली होती. टाचांची कातडी चपलेच्या तळासारखी झाली होती. गुडघ्यावरचा लांब व्रण, त्याखाली दोरखंडासारखी पोटरी. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासणाऱ्या आईनं माणसाचं शरीर इतक्या जवळून, इतका वेळ क्वचितच बघितलं असेल. हे आपल्या पोटी जन्मलं, आपण याला न्हाऊमाखू घातलं, आणि तरी यातलं काहीच आपण केलेलं नाही, असं तिला वाटलं. एखाद्या उंच पुलाखाली उभं राहिल्यावर छाती जशी दडपते, तसं झालं होतं तिला. स्वतःच्याच मुलीच्या पायांपाशी.

पण आईनं हे कुणाला सांगितलं नाही. कारण रात्री ताईनं पुन्हा विषय काढला होता, आणि आईला मधे पडावं लागलं होतं.

ताईचं म्हणणं नवं नव्हतं. ती ज्या शाळेत शिकवते तिथं खेळाच्या शिक्षिकेची जागा निघाली होती, मुख्याध्यापकांनी तिच्या शब्दावर ती धरून ठेवली होती, आणि आता त्यांना उत्तर हवं होतं. ताई म्हणाली की या खेळात हिनं काय करायचं बाकी ठेवलंय? तीन संघांनी निवडीच्या कॅम्पला बोलावून परत पाठवलं, त्यातल्या एकानं तर हंगामाच्या आदल्या दिवशी. दोन हिवाळे परक्या थंड देशात खेळली, तिथला संघ अर्ध्या हंगामात बंद पडला, तेव्हा गोदामात खोकी उचलून तिकिटाची सोय करावी लागली. ऑपरेशननंतर हिला उठवणं-बसवणं, आंघोळ घालणं ताईनं आपल्या घरी ठेवून केलं होतं. ते तिनं बोलून दाखवलं नाही, पण ते बोलण्यात होतंच. बाबांचा तिला पाठिंबा होता.  आई एवढंच म्हणाली की उद्याचा दिवस जाऊ दे.

उद्याचा दिवस म्हणजे आजचा. कॅम्प संपत आला होता. दुसऱ्या एका संघाशी सरावाचा सामना, घरच्यांना बघायला परवानगी, आणि सामन्यानंतर प्रशिक्षक बाई एकेकीला खोलीत बोलावणार. संघातल्या सगळ्या जागा भरल्या होत्या, एक सोडून. त्या एका जागेसाठी दोघी होत्या. एक शिडी. दुसरी या संघात इतकी वर्षं खेळलेली, की तिला सगळ्या थोरलीच म्हणत.

हॉलच्या दर्शनी भिंतीवर खेळाडूंची चित्रं टांगली होती. दोन मजले उंच बायका. हवेत झेपावलेल्या, घामेजलेल्या, तोंडं वाकडी झालेल्या. आत्या फुटपाथवर थांबली आणि मान मागे टाकून बघत राहिली. लोक तिला वळसा घालून जात होते. शेवटी आईनं तिच्या दंडाला धरलं तेव्हा आत्या म्हणाली, "एकीनंही केस नीट केलेले नाहीत बघ."

---

बाबांनी शिडीचा खेळ कित्येक वर्षांत बघितला नव्हता. विद्यापीठाच्या अंतिम सामन्याला ते हजर होते. गुडघा गेला तेव्हा तो आवाज त्यांनी गॅलरीत बसून ऐकला होता. त्यानंतर जेव्हा जेव्हा सामना असे, तेव्हा त्यांना कुठल्या ना कुठल्या इमारतीतून बोलावणं आलेलं असे. घरात सगळ्यांना माहीत होतं की प्रत्येक वेळी लिफ्ट बिघडत नाही, पण कुणी बोललं नाही.

आत शिरल्यावर आधी त्यांना छत दिसलं. छतापर्यंत चढत गेलेल्या खुर्च्या, सगळ्या रिकाम्या, आणि खाली मधोमध झगझगीत उजेडात लाकडी जमीन, इतकी गुळगुळीत की तिच्यात दिवे दिसत होते. घरच्यांना अगदी पुढच्या रांगेत बसवलं होतं. आईनं त्यांना आपल्या आणि आत्याच्या मधल्या खुर्चीत बसवलं. हे मुद्दाम केलंय हे त्यांना कळलं, पण आता उठून जागा बदलणं बरं दिसलं नसतं.

मग सामना सुरू झाला, आणि बाबा पहिल्यांदा घाबरलेच.

टीव्हीवर हा खेळ त्यांनी बघितला होता. त्यात चेंडू दिसतो, वजन दिसत नाही. इथं सहा फुटांच्या वरच्या बायका पूर्ण वेगानं त्यांच्यापासून हाताच्या अंतरावरून जात होत्या, आणि जाताना वारा लागत होता. दोघी हवेत आदळल्या की तो आवाज खुर्चीच्या पायांतून अंगात येत होता. बुटांची चिरचिर, दम, आणि सतत बोलणं. त्या सतत एकमेकींना काहीतरी सांगत होत्या, एकेक शब्द, आणि त्या एका शब्दावर पाचही जणी एकदम हलत होत्या. चेंडू कुठून निघाला हे बाबांना दिसायचं. तो पोचला कधी, ते दिसायचं नाही.

शिडी बाकाच्या अगदी टोकाला बसली होती. बसली तरी कसली, सतत उठत होती. बाहेर आलेल्या मुलीला टॉवेल दे, पाणी दे, टाळ्या वाजव, पुन्हा बस. त्यांच्या गावातल्या क्लबात शिडी आली की खेळ थांबायचा. पोरं, बाप्ये, सगळे कडेला उभे राहून तिला बघायचे. इतकं चांगलं खेळणारं माणूस त्या गावानं बघितलं नव्हतं. आणि इथं ती कुणाला तरी टॉवेल देत होती. बाबांना आधी अपमान वाटला. मग थोड्या वेळानं, समोर जे चाललं होतं ते बघता बघता, तो अपमान कुठल्या कुठे गेला. इथं टॉवेल द्यायला मिळणं हेसुद्धा केवढं आहे, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

थोरली त्यांनी लगेच ओळखली. कानशिलावर केस पांढरे झाले होते आणि दोन्ही घोटे पट्ट्यांनी घट्ट बांधले होते. सगळ्यांत कमी ती पळत होती. पण चेंडू बास्केटच्या कडीवर आपटून बाहेर उडाला की तो जिथं खाली येणार तिथं ती असायची. बाकीच्या झेपावत येत आणि ती आधीच पोचलेली असे, पाय रोवून, कोपर बाहेर काढून, जणू चेंडूनं तिला कळवून ठेवलं होतं. दुसऱ्या संघात एक धिप्पाड तरुण मुलगी होती, थोरलीपेक्षा वीतभर उंच आणि निम्म्या वयाची. ती पुन्हा पुन्हा येऊन आपटत होती आणि पुन्हा पुन्हा रिकाम्या हातानं परत जात होती. बाबा आजवर हातांनी काम करत आले होते; हातातलं कसब त्यांना समजायचं. हे बघताना मात्र काही समजत नव्हतं. ते नुसते बघत होते, लहानपणी पहिल्यांदा समुद्र बघितला होता तसे.

"हिच्याशी आहे का आपल्या पोरीची गाठ?" ते पुटपुटले. आईला वाटलं ते आपल्याला विचारताहेत. पण उत्तर आत्यानं दिलं.

"हो," आत्या समोर बघतच म्हणाली. "हिच्याशीच."

उत्तरार्ध सुरू झाला आणि प्रशिक्षक बाईंनी थोरलीला बाहेर बोलावून शिडीला आत पाठवलं. पहिलाच पास तिच्या बोटांना लागून बाहेर गेला. दुसऱ्या खेपेला ती धिप्पाड मुलगी तिला खांद्यानं बाजूला सारून सरळ बास्केटखाली गेली. ताईनं डोळे मिटले. बाबांनी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला की आईनं त्यांची बोटं सोडवून आपल्या हातात घेतली.

तेवढ्यात बाकावरून आवाज आला. मोठा नव्हता, पण रिकाम्या हॉलमध्ये स्वच्छ ऐकू आला. "मागे. अजून मागे. थांब तिथंच." थोरली बोलत होती. टॉवेल गळ्यात, कोपरं गुडघ्यांवर, नजर शिडीच्या पायांवर. शिडी दोन पावलं मागे सरली आणि थांबली. चेंडू कडीवरून उडाला आणि तिच्या हातात आला.

त्यानंतर शिडी खेळली. बाबांना नंतर कुणी विचारलं असतं तर त्यांना धड सांगता आलं नसतं. त्यांना एवढं आठवत होतं की ती धिप्पाड मुलगी पूर्ण वेगानं येत होती आणि शिडी तिच्या वाटेत जाऊन उभी राहिली. हलली नाही. हात छातीशी घेतले आणि उभी राहिली. ती मुलगी तिच्यावर आदळली, शिडी पाठीवर पडून लाकडावरून घसरत थेट त्यांच्या रांगेपर्यंत आली, आणि शिट्टी वाजली. चूक त्या मुलीची ठरली, चेंडू आपला झाला. शिडी बाबांच्या पायांपाशी पडली होती. तिनं त्यांच्याकडे बघितलं, पण ते तिला दिसले नसावेत. तिनं तोच पाय खाली घेतला, त्याच गुडघ्यावर सगळा भार दिला आणि उठली. उठताना तिच्या तोंडातून हुंकार निघाला, आणि त्यात आनंद होता. बाबांनी तो आवाज ऐकला. इतकी वर्षं त्यांच्या कानात दुसराच आवाज होता.

शेवटी शेवटी बाईंनी दोघींनाही एकदम खेळवलं. तेव्हा काही क्षण असे गेले की थोरली एकीकडे बघायची आणि चेंडू दुसरीकडे शिडीच्या हातात पडायचा. एकदा शिडीला स्वतः बास्केट करायची सरळ संधी होती. तिनं ती सोडून कोपऱ्यातल्या मोकळ्या मुलीला चेंडू दिला. ते बघून थोरलीनं पळता पळता नुसतं बोट वर केलं. कोण जिंकलं याकडे बाबांचं लक्षच नव्हतं. शिट्टी झाली आणि त्यांना कळलं की आपण कधीचे पुढे सरकून खुर्चीच्या काठावर आलो आहोत.

---

वाट बघायची वेळ आली. खेळाडू आत गेल्या. दोन माणसं रुंद झाडू घेऊन जमीन पुसत होती. ज्यांच्या मुलींच्या जागा पक्क्या होत्या ती कुटुंबं हसत-बोलत बाहेर पडली. आई आणि ताई पाणी आणायला गेल्या, किंवा आईनं ताईला तसं म्हणून उठवलं. पुढच्या रांगेत बहीण-भाऊ उरले. दोघांच्या मधे निरोप न्यायला कुणी नव्हतं.

आत्याला समोरची जमीन सोडवत नव्हती. ती खेळायची तेव्हा सिमेंटचं मैदान होतं. पडलं की कोपरं सोलायची आणि अंधार पडला की खेळ संपायचा. तिला कुणी अडवलं नव्हतं. तिचे वडील सायकलवर पुढे बसवून तिला सामन्यांना न्यायचे, हा तेव्हा लहान होता, मागे बसायचा. कॉलेज संपलं आणि खेळही संपला, कारण पुढे काहीच नव्हतं. संघ नव्हते, हॉल नव्हते, पगार देणारं कुणी नव्हतं. तिनं मोठ्या गाड्या चालवायचा परवाना काढला आणि शाळेची बस धरली.

"एक विचारू?" बाबा म्हणाले. सरळ तिलाच. इतक्या वर्षांनंतर.

"विचार."

"तू एवढी खेळायचीस का? यांच्यासारखी?"

आत्यानं खरंच विचार केला. उत्तर तिला माहीत होतं, पण ते मोठ्यानं कधी म्हटलं नव्हतं.

"नाही रे," ती म्हणाली. "यांच्या जवळपासही नाही. आज बघितलं आणि कळलं. पण मला त्याच वेळी कळायला हवं होतं ना, की मी तेवढी नाही. ते कळायलासुद्धा कुठे जागा नव्हती. मी इतकी वर्षं बस चालवता चालवता मनात म्हणत आले की संधी मिळाली असती तर. हिला तसं म्हणत बसायला लागू नये, एवढंच मला हवं होतं. हो किंवा नाही, काय ते तिला इथं येऊन कळू दे."

"आणि गुडघा पुन्हा गेला असता तर?"

"तर तू माझ्याशी जन्मभर बोलला नसतास. मला मान्य होतं ते."

 झाडूवाली माणसं दुसऱ्या टोकाला पोचली होती.

"सगळ्या देशात किती जणी असतील गं अशा संघांत?" बाबांनी विचारलं.

"माझ्यासारख्या दोन-तीन बसगाड्यांत मावतील सगळ्या," आत्या म्हणाली. "आणि दर वर्षी कॉलेजांतून निघणाऱ्या किती, ते विचारू नकोस. दारात उभ्या राहतात सगळ्या. एक उतरल्याशिवाय दुसरीला चढता येत नाही."

आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं आणि ती थांबली. बाबांच्याही लक्षात आलं. सामना संपल्यापासून त्यांना आपल्या मुलीसाठी ती जागा हवी होती. ती जागा आत्ता कुणाची आहे हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं, पण या दोन गोष्टी एकत्र जोडल्या नव्हत्या.

---

आत, प्रशिक्षक बाईंच्या खोलीत, शिडी उभीच राहिली. याआधी तीन खोल्यांमध्ये ती बसली होती आणि तिन्ही ठिकाणी नकार ऐकून उठावं लागलं होतं. या वेळी उभं राहूनच ऐकायचं असं तिनं ठरवलं होतं.

बाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. जागा तुझी, त्या म्हणाल्या. मग त्या जागेचा अर्थ समजावून दिला: बाकाचं टोक. कित्येक सामन्यांत उठायलाच मिळणार नाही. मिळालं तर दोन मिनिटं, आणि त्या दोन मिनिटांत चूक परवडायची नाही. हंगामात कधीही, कुठल्याही दिवशी, दुसरी कुणी बरी वाटली तर जागा जाऊ शकते, आणि तेव्हा याच खोलीत बोलावणं येईल. सरावाला मात्र सगळ्यांच्या आधी यायचं. हे सगळं कबूल आहे का, असं त्यांनी विचारलं. शिडीनं हो म्हटलं. 

"थोरली?" तिनं विचारलं.

"तिच्याशी आधी बोलले मी," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा त्यांनी नजर खाली केली.

शिडी बाहेर आली तेव्हा थोरली कपडे बदलायच्या खोलीत बाकड्यावर बसून घोट्याच्या पट्ट्या कापत होती. कात्री सावकाश चालत होती. शिडी दारात उभी राहिली. आनंद अंगात मावत नव्हता आणि तो घेऊन या खोलीत पाऊल टाकायची तिला लाज वाटत होती.

"ये की," थोरली म्हणाली. "अजून तुझं कपाट इथंच आहे."

शिडी आत आली.  तिच्या तोंडून निघालं की मला वाटलं होतं तुम्हालाच ठेवतील.

"मलाही," थोरली म्हणाली. "मला हवी होती ती जागा. अजून एक वर्ष तरी. तुला बरं वाटावं म्हणून दुसरं काही सांगणार नाही."

"मग सामन्यात मला का सांगत होतात, कुठे उभं राहायचं ते?"

थोरलीनं कात्री थांबवली आणि तिच्याकडे बघितलं. प्रश्नच तिला कळला नसावा असं वाटलं.

"कारण तू चुकीच्या जागी उभी होतीस," ती म्हणाली.

---

शिडी हॉलमध्ये आली तेव्हा आई परतली होती आणि ताई तिच्यामागून पाण्याच्या बाटल्या घेऊन पायऱ्या उतरत होती. शिडीच्या चालण्यावरून कळावं, तर काहीच कळेना. ती नेहमीसारखीच लांब ढांगा टाकत आली आणि चौघांसमोर येऊन थांबली.

"ठेवलं," एवढंच म्हणाली.

आईनं तिला कमरेला मिठी मारली, कारण तिचे हात तेवढेच पोचत होते. आत्यानं तोंडावर रुमाल धरला. बाबांनी शिडीच्या कोपराला हात लावला, तिथं खरचटलं होतं, आणि दुखतंय का म्हणून विचारलं. शिडी हसली आणि मग रडली.

ताई तिथंच पायरीवर उभी होती. रात्री आपण काय काय बोललो ते तिला आठवत होतं, आणि त्यातलं काही चुकीचं होतं असं तिला आत्ताही वाटत नव्हतं. ही नोकरी नव्हे. उद्याचा भरवसा नाही, गुडघा तोच आहे, आणि पुढच्या वर्षी दारात आणखी तरुण मुली उभ्या राहतील. तरी तिनं शिडीला लाकडावरून घसरत येताना बघितलं होतं. ज्या पायाला तिनं रोज सकाळी उशीवर ठेवलं, इंचाइंचानं वाकवायला शिकवलं, त्या पायावर उठताना बघितलं होतं. आपल्या हातून उभं राहिलेलं हे असं काही असेल, याची तिला कल्पना नव्हती. तिनं बाटल्या खाली ठेवल्या, पुढे गेली आणि शिडीच्या खांद्यावर जोरात एक चापट मारली. शिडीनं तिला तशीच उचलली. ताईनं खाली ठेव म्हणून बजावलं, पण उतरायची घाई केली नाही. मुख्याध्यापकांना मी सांगते काय ते, ती वरूनच म्हणाली.

तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि थोरली बाहेर आली. खांद्यावर मोठी बॅग, अंगात साधा शर्ट. पट्ट्या काढल्यावर घोटे सुजलेले दिसत होते आणि ती किंचित लंगडत होती. खेळताना ते जाणवलंही नव्हतं. बाहेर जायचं दार या कुटुंबाच्या मागेच होतं. तिला त्यांच्या समोरूनच जावं लागणार होतं.

ताईला शिडीनं खाली ठेवलं.  आनंद चेहऱ्यावरून पुसून टाकावा तर खोटं, आणि राहू द्यावा तर क्रूर. आई पर्सच्या बंदाशी खेळू लागली. लाकडी जमिनीवरून थोरलीची पावलं जवळ येत होती.

बाबा आणि आत्या अजून खुर्च्यांवरच होते. बाबा उठले. कुणी सांगितलं नाही, त्यांनी कुणाकडे बघितलंही नाही. उठले, शर्ट खाली ओढून नीट केला आणि हात बाजूला ठेवून ताठ उभे राहिले. त्यांच्या शेजारी आत्या उठली. आई सरळ झाली. ताईच्या लक्षात आलं की आपणही पाय जुळवून उभ्या आहोत, शाळेत मोठं कुणी आल्यावर पोरं राहतात तशा. टाळ्या वाजवायचं कुणाला सुचलं नाही. सुचलं असतं तरी हात उचलले नसते.

थोरली जवळ आली आणि थांबली. एकेकाकडे तिनं बघितलं. ठेंगणी आई, सुरकुतलेला रुमाल हातात धरलेली आत्या, तोंड घट्ट मिटलेले बाबा. ती हसली नाही. मान थोडी झुकवली आणि पायऱ्या चढू लागली. अर्ध्यावर कठडा धरून दम घेतला. दारापाशी पोचल्यावर बॅग खाली ठेवून मागे वळली, आणि तिथून तिनं खालची सगळी जमीन या बास्केटपासून त्या बास्केटपर्यंत एकदा बघून घेतली. मग बॅग उचलली आणि दार लोटून गेली.

दार आपोआप मिटलं. तरी कुणी बसलं नाही.

"अशा बाईची जागा मिळालीय तुला," बाबा शिडीला म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली होता की रिकाम्या हॉलमध्येही तो जेमतेम पोचला. "नीट बस त्या जागेवर."

शिडीनं मान हलवली.